घुमटाच्या टाइल आणि सापडलेल्या भट्ट्या : जेरुसलेम, १९१८ ते १९२४

जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉक या इस्लामी वास्तूचा फोटो पाहिला की सोनेरी घुमटाखालची निळाई डोळ्यांत भरते. ही निळाई इमारतीइतकीच जुनी असणार असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात तिथला झिलईदार टाइलचा साज इमारतीनंतर साडेआठशे वर्षांनी चढला, आणि आज बाहेरून दिसतात त्यातल्या बऱ्याच टाइल तर विसाव्या शतकातल्या आहेत. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, हा साज वाचवण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. त्या प्रयत्नात माणसे लायक होती, कारागिरी अस्सल होती, हेतूही चांगला होता. तरीही ज्या भिंतीसाठी सगळी धडपड सुरू झाली ती भिंत तशीच राहिली. जुन्या वास्तूंवरच्या टाइलची काळजी वाहणाऱ्या कोणीही हे प्रकरण तपशिलात पाहावे, म्हणून ते इथे मांडतो आहे.

पार्श्वभूमी

उमय्यद खलिफा अब्द अल-मलिक याने ही वास्तू उभारली. आतल्या भिंतींवरच्या लेखात हिजरी ७२, म्हणजे इसवी सन ६९१-९२ हे साल आहे. ही मशीद नव्हे. पवित्र मानलेल्या खडकाभोवती बांधलेली ही अष्टकोनी वास्तू, आणि तिच्या मधोमध घुमट. बाहेरच्या भिंतींचा खालचा भाग संगमरवराच्या फरशांनी मढवलेला होता आणि वरच्या भागावर काचेच्या बारीक तुकड्यांचे मोझेइक होते. आतले मोझेइक छपराखाली असल्यामुळे टिकले, बाहेरचे ऊन-पावसात झिजत गेले.

सोळाव्या शतकात उस्मानी (ऑटोमन) सुलतान सुलेमान याने बाहेरचे मोझेइक काढवून त्या जागी झिलईदार टाइल बसवायला घेतल्या. घुमटाखालच्या गोल भिंतीवरच्या टाइल-लेखात हिजरी ९५२ (इसवी १५४५-४६) हे साल आहे. उत्तर दरवाजाजवळच्या टाइलवर हिजरी ९५९ (इसवी १५५१-५२) आणि अब्दल्ला तबरीझी या कारागिराचे नाव आहे. म्हणजे काम निदान सहा-सात वर्षे चालले, आणि ते करणाऱ्यांची नाळ इराणमधल्या तबरीझशी जुळलेली होती. यात आश्चर्य नाही. बुर्सा शहरातल्या हिरव्या मशिदीत, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातच, ‘तबरीझच्या उस्तादांचे काम’ अशी नोंद टाइलवर आहे. टाइलची विद्या कारागिरांबरोबर गावोगाव फिरत असे. बिदरला महमूद गवानचा १४७२ चा मदरसा ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी या फिरत्या विद्येची एक दक्खनी शाखा पाहिलेली आहे. उदगीर किंवा लातूरहून तिथे एका दिवसात जाऊन येता येते. मिनारावरचे नागमोडी पट्टे पाहायला तरी जावेच.

जेरुसलेमच्या भिंतीवर एकच तंत्र नव्हते, आणि पुढच्या अडचणींचे मूळ इथेच आहे. काही भागांत एकेका रंगाच्या टाइल भाजून, त्यांचे तुकडे घासून आकाराला आणून नक्षी जुळवलेली होती. काही टाइलवर एकाच तुकड्यात अनेक रंग होते. रंग वितळताना एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये मँगनीज मिसळलेली तेलकट रेघ ओढत. भट्टीत तेल जळून जाई आणि मागे काळसर कड उरे. आणखी काही टाइलवर आधी कुंचल्याने चित्र काढून वरून पारदर्शक झिलई दिलेली होती. प्रत्येक तंत्रातल्या टाइलचा गाभा वेगळा, झिलई वेगळी, भाजण्याची रीत वेगळी. साहजिकच झिजण्याची तऱ्हाही वेगळी.

पुढच्या शतकांत दुरुस्त्या होत राहिल्या. १८७० च्या दशकात सुलतान अब्दुलअझीझच्या काळात मोठे काम निघाले. त्या वेळी टाइल उतरवल्यावर खालच्या जुन्या मोझेइकचे अवशेष आणि बुजवलेल्या लहान कमानी उघड्या पडल्या. फ्रेंच अभ्यासक क्लेर्मों-गानो तेव्हा तिथे होते, म्हणून त्याची नोंद राहिली. अष्टकोनाच्या माथ्यावरून फिरणारा कुराणातल्या यासीन या अध्यायाचा ठसठशीत लेख याच दशकातला.

प्रश्न काय होता

डिसेंबर १९१७ मध्ये जेरुसलेम ब्रिटिश फौजांच्या हाती आले. लष्करी गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांनी वास्तुविशारद अर्नेस्ट रिचमंड यांना बोलावून घेतले आणि डोम ऑफ द रॉकची तपासणी करायला सांगितले. रिचमंड यांनी एकेक बाजू, एकेक पट्टा असे करत सगळी भिंत नोंदवली. ही पाहणी पुढे १९२४ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. या प्रकरणातले सगळ्यात भक्कम काम कोणते असे विचारले तर मी या पाहणीकडे बोट दाखवीन.

चित्र असे होते. सुलेमानच्या काळातल्या टाइलशेजारी नंतरच्या शतकांतल्या, कमी प्रतीच्या टाइल बसवलेल्या होत्या. कुठे नक्षीचा मेळ न बघता तुकडे लावलेले, कुठे टाइल गळून पडलेल्या. लांबून भिंत निळी दिसत होती. जवळ गेल्यावर तिथे निरनिराळ्या वयाची ठिगळे होती.

टाइल का पडते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. झिलई म्हणजे काचेचा पातळ थर. टाइलचा गाभा आणि हा थर भट्टीतून बाहेर येताना सारख्या प्रमाणात आकसले नाहीत, तर झिलईला बारीक तडे जातात किंवा ती पापुद्र्यासारखी सुटते. हा दोष जन्मतःच असतो. दुसरा दोष भिंतीतून येतो. दोन टाइलमधल्या दर्जा, म्हणजे चुन्याने भरलेले सांधे, उघड्या पडल्या, माथ्यावरचे कठडे किंवा पन्हळी गळू लागल्या, की पाणी टाइलच्या मागे शिरते. ते बाहेर पडताना आपल्याबरोबर क्षार आणते. क्षारांचे स्फटिक झिलईच्या मागे वाढतात आणि ती आतून ढकलतात. जेरुसलेमचा पाऊस हिवाळ्यात, बहुतेक पश्चिमेकडून, वाऱ्यासकट येतो. थंडीत टाइलमागचे पाणी कधी गोठतेही. टाइल कितीही उत्तम असली तरी तिच्या पाठीला पाणी लागले की ती सुटणारच.

म्हणजे प्रश्न दोन होते. एक, गेलेल्या टाइलच्या तोडीची नवी टाइल कोण आणि कुठे बनवणार? दोन, भिंतीत पाणी शिरणे कसे थांबवायचे, आणि ते थांबलेलेच राहील याची जबाबदारी वर्षानुवर्षे कोण घेणार? पहिला प्रश्न आकर्षक होता. सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे काहीही नवे न लावता, आहे ते घट्ट करणे : सुटलेल्या टाइल काढून पुन्हा बसवायच्या, दर्जा भरायच्या, छपराचे पाणी बंदोबस्ताने खाली उतरवायचे, आणि रिकाम्या जागा साध्या गिलाव्याने झाकायच्या. खर्च कमी, जुने सगळे शाबूत. मात्र ही जिती वास्तू आहे, लोक रोज तिथे प्रार्थनेला येतात. ज्या समाजाचे हे पवित्र स्थान, त्याला ठिगळे लावलेली भिंत चालेल का, हा प्रश्न उरतोच. संग्रहालयातल्या वस्तूचा नियम अशा वास्तूला जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरा पर्याय टाइल बाहेरून मागवण्याचा. अनातोलियातल्या कुताह्यामध्ये टाइलचे कारखाने युद्धापर्यंत चालू होते. पण युद्धाने वाहतूक, बाजार आणि कारागीर या सगळ्यांचीच वाताहत झाली होती.

तिसरा पर्याय जागेवरच टाइल बनवण्याचा. सुलेमानच्या कारागिरांनी हेच केले असावे, असे मानायला तेव्हा एक कारण हाती आले : हरमच्या, म्हणजे डोम ऑफ द रॉक आणि अल-अक्सा मशीद ज्यात आहेत त्या पवित्र आवारातच टाइल भाजण्याच्या जुन्या भट्ट्या सापडल्या. या शोधाने सगळ्यांना किती उमेद आली असेल याची कल्पना करता येते. जिथे टाइल लावायच्या तिथेच त्या पूर्वी भाजल्या गेल्या होत्या, मग आताही भाजता येतील.

चौथा पर्याय सगळ्या टाइल उतरवून नव्याने सलग साज चढवण्याचा होता. त्यात भिंत एकसारखी दिसली असती, पण सोळाव्या शतकाचा पुरावा पुसला गेला असता. पहिल्या आणि चौथ्या पर्यायामधली रेघ कुठे ओढायची, किती टक्के टाइल गेल्या म्हणजे उरलेल्याही काढायच्या, हा टाइलच्या संवर्धनातला आजही सर्वांत अवघड निर्णय आहे.

काय केले गेले

निवड तिसऱ्या पर्यायाची झाली, आणि ती एका माणसाच्या येण्यामुळे झाली. कुताह्याचे आर्मेनियन टाइल-कारागीर दाविद ओहानेसियन यांनी युद्धापूर्वी ब्रिटिश राजकारणी मार्क सायक्स यांच्या इंग्लंडमधल्या घरासाठी एक टाइलने मढवलेली खोली घडवली होती. युद्धकाळात उस्मानी राजवटीने आर्मेनियन लोकांची हकालपट्टी चालवली, तीत १९१६ मध्ये ओहानेसियन कुटुंबासह हद्दपार झाले आणि अलेप्पोत कसेबसे तगून राहिले. १९१८ च्या अखेरीस सायक्स यांची आणि त्यांची तिथे गाठ पडली, आणि सायक्स यांनी त्यांचे नाव जेरुसलेमला कळवले. काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, सायक्स तापाच्या साथीत वारले. ही गाठ थोडी लांबली असती तर कदाचित ओहानेसियन जेरुसलेमला पोचलेच नसते.

जेरुसलेममध्ये त्यांना आधार मिळाला तो प्रो-जेरुसलेम सोसायटीचा. स्टॉर्स यांनी ती १९१८ मध्ये स्थापन केली होती, आणि हस्तकलांचे कट्टर कैवारी चार्ल्स अॅशबी तिचे चिटणीस होते. यंत्राच्या मालाने मेलेले हातकाम शहरात पुन्हा जिवंत करायचे, हे अॅशबी यांचे जुने स्वप्न. टाइलची कार्यशाळा त्या स्वप्नात अगदी नेमकी बसली. जुन्या शहरातल्या व्हिया डोलोरोसा या रस्त्यावर जागा मिळाली. १९१९ मध्ये ओहानेसियन कुताह्याला गेले आणि कच्चा माल व कारागीर घेऊन परतले. त्यांत चाकावर हात बसलेले निशान बालियान आणि चित्रकाम करणारे मगर्दिच काराकाशियान होते. अनाथ झालेली आर्मेनियन मुले कार्यशाळेत काम शिकू लागली.

इथे पहिला निर्णायक क्षण येतो. कार्यशाळा उभी राहिली, पण भिंतीच्या कामाला ठरलेला पैसा नव्हता, आणि शेवटचा शब्द कोणाचा हेही ठरलेले नव्हते. वास्तू वक्फची, देखरेख लष्करी प्रशासनाची, कार्यशाळा एका नागरी संस्थेची, कारागीर आर्मेनियन ख्रिस्ती. कारागिरांच्या धर्माचा मुद्दा मी अडचण म्हणून मांडत नाही. उस्मानी काळात कुताह्याच्या आर्मेनियन कारागिरांनी मशिदींसाठी टाइल बनवल्याच होत्या. अडचण होती ती हे चार धागे कोणत्याही एका करारात बांधले गेले नाहीत ही.

दुसरी अडचण तांत्रिक. सोळाव्या शतकातल्या उत्तम टाइलचा गाभा मुख्यतः गारेच्या भुकटीचा असे, तिला काचेची भुकटी आणि थोडी पांढरी माती बांधून ठेवी. असा गाभा पांढराशुभ्र असतो आणि झिलईबरोबर जवळजवळ सारखाच आकसतो. त्याच्यावर कोबाल्टचा निळा आणि तांब्याचा फिरोजी जसा उजळतो तसा साध्या मातीवर उजळत नाही. नवी जागा, नवी माती, नवे पाणी आणि नवे सरपण घेऊन ती प्रत पुन्हा गाठायला वर्षे लागतात. हे कारागिरांचे उणेपण नव्हे. प्रत्येक नव्या गावी टाइलवाल्याला आपली विद्या पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. पण प्रशासनाच्या वेळापत्रकात अशी वर्षे धरलेली नसतात.

आणि वेळापत्रक बदललेच. जुलै १९२० मध्ये लष्करी कारभार जाऊन मुलकी कारभार आला. रिचमंड सचिवालयात राजकीय कामावर गेले. १९२२ मध्ये अॅशबी जेरुसलेम सोडून गेले. त्याच सुमारास सर्वोच्च मुस्लिम परिषद स्थापन झाली आणि हरमच्या वास्तूंची सूत्रे तिच्याकडे आली. परिषदेने इस्तंबूलचे नामांकित वास्तुविशारद केमालेद्दीन यांना आणले. अल-अक्सा मशिदीत घुमटाला आधार देणारे भागच कमकुवत झाले होते. आधी तिकडे लक्ष देणे योग्यच होते. निधीसाठी परिषदेची शिष्टमंडळे मुस्लिम देशांत आणि हिंदुस्थानातही फिरली. हैदराबादच्या निजामाने देणगी दिली. तेव्हाचा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता, त्यामुळे जेरुसलेमच्या त्या कामात आपल्याही भागाच्या महसुलाचा काही अंश गेला असणार.

निष्पत्ती

डोम ऑफ द रॉकला नव्या टाइलने मढवण्याचा बेत मागे पडला तो पडलाच. कार्यशाळा मात्र जगली. १९२२ मध्ये बालियान आणि काराकाशियान वेगळे झाले आणि त्यांनी नाब्लुस रस्त्यावर स्वतःचे दुकान मांडले. ओहानेसियन यांची कार्यशाळाही चालू राहिली. ताटे, सुरया, कारंजी, घरांचे दर्शनी भाग, रस्त्यांची नावे, अशी कामे येत गेली. आज रॉकफेलर संग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत त्यांच्या टाइल पाहायला मिळतात. १९४८ च्या युद्धात ओहानेसियन यांना जेरुसलेम सोडावे लागले. बालियान आणि काराकाशियान घराण्यांनी काम पुढे नेले, आणि ‘जेरुसलेमची आर्मेनियन कुंभारकला’ ही आज त्या शहराची एक ओळख आहे. हद्दपारीतून वाचलेल्या मूठभर माणसांनी परक्या शहराला नवी कला दिली, ही गोष्ट कोणत्याही भिंतीपेक्षा लहान नाही, असे मला मनापासून वाटते.

भिंतीची गोष्ट वेगळी झाली. हिवाळ्याच्या पावसाने टाइल सुटत राहिल्या. १९५० च्या दशकाच्या मध्यात जॉर्डन सरकारच्या पुढाकाराने मोठे काम निघाले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालले. त्यात सुलेमानच्या काळातल्या टाइल फार मोठ्या संख्येने उतरवून नव्या बसवण्यात आल्या. पूर्वी टाळलेला चौथा पर्याय चाळीस वर्षांनी जवळजवळ अपरिहार्य होऊन समोर आला, कारण मधल्या काळात पहिला पर्याय नेटाने राबवलाच गेला नव्हता.

वेगळे काय करता आले असते

माझे मत स्पष्ट आहे. १९१९ मध्ये भट्टीच्या आधी पन्हळीकडे आणि दर्जांकडे वळायला हवे होते. ओल असलेल्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर नवा रंग देणारे घर आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. टाइलच्या बाबतीत हाच घोळ कितीतरी महाग पडतो, कारण इथे रंगाबरोबर चारशे वर्षांपूर्वीचा हातही निघून जातो. रिचमंड यांच्या पाहणीने कोणत्या बाजूला, कोणत्या उंचीवर टाइल सुटत आहेत हे कागदावर आणले होते. त्या नकाशावरून पाण्याच्या वाटा शोधणे आणि त्या बुजवणे हे थोड्या खर्चात, स्थानिक गवंड्यांच्या हातून, लगेच करता आले असते. नव्या टाइलची एकही भट्टी लागायच्या आधी.

नवी टाइल बनवायचीच होती, तर ती आधी एका लहान चौकटीत, पश्चिमेच्या पावसाच्या तोंडी, काही हिवाळे लावून पाहायला हवी होती. भट्टीतून निघालेली टाइल रंगाने जुळते का हे पहिल्याच दिवशी कळते. ती टिकते का हे हिवाळेच सांगतात. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावरच्या छत्र्यांचे टाइलकाम करताना हा धीर धरला गेला. उझबेकिस्तानच्या उस्तादांकडून निझामुद्दीन वस्तीतल्या तरुणांनी काम शिकून घेतले, जुन्या टाइलशी जुळणारी प्रत मिळेपर्यंत वर्षानुवर्षे प्रयोग झाले, आणि झिलई उडालेल्या मूळ टाइलही जागच्या जागी ठेवल्या गेल्या. नव्या टाइल फक्त रिकाम्या जागी बसल्या. जेरुसलेमला १९१९ मध्ये हे सगळे सुचायला हवे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, तेव्हा संवर्धनाचे हे नियम रुळलेले नव्हते. पण आज असे काम हाती घेणाऱ्याला ती सबब उरलेली नाही.

तिसरी गोष्ट कारागीर आणि वास्तू यांच्या नात्याची. एका भिंतीच्या भरवशावर कार्यशाळा उभी केली की भिंतीचे काम थांबताच कारागीर उघडे पडतात. ओहानेसियन आणि त्यांचे सहकारी तरले ते त्यांनी शहराच्या बाजारासाठी माल बनवायला सुरुवात केली म्हणून. उलट दिशेने मात्र दुवा तुटला : शहरात टाइलवाले स्थिरावले, पण हरमच्या देखभालीत त्यांना कायमची जागा मिळाली नाही. परिषदेने दरवर्षी ठरावीक थोड्या टाइल दुरुस्तीसाठी त्यांच्याकडून घ्यायचे ठरवले असते, तर खर्च फारसा नव्हता आणि भिंत व भट्टी एकमेकांच्या सतत ओळखीत राहिल्या असत्या. टाइलने मढवलेल्या वास्तूंची अशीच अखंड, थोडी-थोडी देखभाल करावी लागते.

शेवटचा मुद्दा उतरवलेल्या टाइलचा. भिंतीवरून निघालेली टाइल भंगार समजली गेली की तिची जागा, क्रम आणि मागचा चुना कायमचे हरवतात. डोम ऑफ द रॉकच्या काही जुन्या टाइल हरमच्या इस्लामी संग्रहालयात आहेत, पण संग्रहालयात पोचलेल्या तुकड्यापेक्षा तो कुठल्या पट्ट्यात, कोणाच्या शेजारी होता ही माहिती जास्त मोलाची असते. बिदरच्या मदरशात दारूगोळ्याच्या स्फोटाने सतराव्या शतकाच्या अखेरीस अर्धा दर्शनी भाग गेला. उरलेल्या अर्ध्या भागावरच्या टाइल आजही मूळ क्रमात आहेत, म्हणून गेलेल्या अर्ध्याची रचना निदान तर्काने मांडता येते. एखाद्या दर्ग्यात किंवा मशिदीत टाइल सुटत असतील, तर गवंडी बोलावण्यापूर्वी प्रत्येक टाइलचा जागेवरच फोटो काढावा, मागे पेन्सिलीने क्रमांक घालावा, आणि निघालेला प्रत्येक तुकडा, अगदी झिलई गेलेलासुद्धा, त्या क्रमांकासह पेटीत ठेवावा.